एकतिसावी सुरई

रेषा उलट्या फिरत होत्या.

बान ओक-जूने चष्मा काढला, कोटाच्या कडेला पुसला आणि पुन्हा लावला. चष्म्यामुळे रेषांची दिशा बदलत नाही हे तिला ठाऊक होते. पण छत्तीस वर्षांच्या नोकरीत तिने एक नियम पाळला होता, की चूक आधी स्वतःत शोधावी, मग यंत्रात, आणि सर्वांत शेवटी जगात. पडद्यावर संग्रहालयाची सर्वांत नावाजलेली सुरई उभी चिरल्यासारखी दिसत होती. प्रत्यक्षात ती पलीकडच्या शिशाने मढवलेल्या खोलीत अखंड उभी होती: लांब मान, जड पोट, नक्षी कुठेही नाही, नुसती निळसर हिरवी झिलई. तिचे तोंड इतके अरुंद होते, की आत करंगळीसुद्धा जात नसे; त्यामुळे आठशे वर्षांपूर्वी, कोरियातल्या कोर्यो राजांच्या काळात ज्या कुंभाराने ती घडवली, त्याच्यानंतर तिच्या आत कुणी पाहिलेच नव्हते. आज क्ष-किरणांनी पाहिले. माती वर ओढताना कुंभाराच्या बोटांनी उमटवलेल्या वळ्या आतल्या भिंतीवर तळापासून मानेपर्यंत चढत गेल्या होत्या आणि त्या ज्या बाजूला चढायला हव्यात त्याच्या विरुद्ध बाजूला चढत होत्या.

"मॅडम, चित्र आरशातल्यासारखं उलटं आलंय का हो?" प्योने मागून विचारले. यंत्र चालवण्याचे काम गेली अकरा वर्षे त्याच्याकडे होते आणि यंत्रावर कुणी संशय घेण्याआधी तो स्वतःच घेऊन टाकत असे.

"शिशाचं अक्षर बघ."

खूण म्हणून तळाशी चिकटवलेले शिशाचे अक्षर सरळ होते.

"म्हणजे खरंच उलटी. आपण हजार भांडी पाहिली असतील, अशी एक नाही."

"नऊशे बारा."

"तेच ते."

"तेच ते नव्हे."

"बरं, नऊशे बारा. बनवणारा डावखुरा असेल."

"चाक हाताने फिरवत नाहीत, प्यो. पायाने ढकलतात. सगळे उजव्या पायाने ढकलतात," ती म्हणाली, आणि पुढचे वाक्य तिने तोंडातच थांबवले. कारण डाव्या पायाने चाक ढकलणारा एकच माणूस तिच्या माहितीत होता आणि तो पंचवीस वर्षांपूर्वी फुप्फुसे निकामी होऊन वारला होता.

कोरियातल्या युद्धाच्या वर्षी, वयाच्या बाराव्या वर्षी, अप्पांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, उजवा गुडघा लष्करी ट्रकखाली सापडला. तो पुन्हा वाकला नाही. कांगजिनच्या डोंगराखाली, जिथे आठशे वर्षांपूर्वीच्या भट्ट्यांची राख अजून नांगराला लागते, तिथे त्यांनी पुढे स्वतःची भट्टी बांधली आणि चाकाशी बसताना उजवा पाय काठीसारखा बाजूला ताणून ठेवून डाव्याने ते ढकलायला शिकले. चाक उलटे फिरे. शेजारचे कुंभार हसत: "बान दो-शिकचं चाक उद्याकडून कालकडे जातं." अप्पा हसत नसत. ते भट्टीशी जेवढे बोलत तेवढेही घरच्यांशी बोलत नसत. मुलीचे नाव मात्र त्यांनी जेड या हिरव्या रत्नावरून ठेवले होते, कारण त्यांना हवा तो रंग जेडचा होता. आणि तेरा वर्षे मुलीकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांत नेमके कुणाबद्दलचे असमाधान असते, हे ओक-जूला कळत नसे. त्या रंगात गूढ काही नाही, हे ती नंतर विद्यापीठात शिकली. झिलईत शेकडा दोनच्या आसपास लोह हवे आणि भट्टीचे तोंड योग्य क्षणी लिंपून आतला प्राणवायू तोडायला हवा. योग्य क्षण कोणता, हे पुस्तकात नव्हते. अप्पांनाही तो एकदाच सापडला, असे तिला वाटत होते. पुरावा नव्हता. 

ती एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरची शरदातली भट्टी. तिच्यात एकतीस सुरया होत्या. ओक-जूने त्या रचताना अप्पांच्या हाती दिल्या होत्या, एकेक. प्रत्येकीच्या तळाशी तिळाएवढे गारेचे तीन खडे, जुने लोक ठेवत तसे. तीन दिवस जाळ, पाच दिवस थंडावा. भट्टी उघडण्याच्या दिवशी शहरातून जाणकार येणार होते. आले ते नामगुंग, तेव्हा अडतीस वर्षांचे, पायांत पांढरे बूट. आईने माकोल्लीचा, तांदळाच्या दारूचा, वाडगा पुढे केला, तो त्यांनी उभ्यानेच संपवला. अंगणात पेंढ्याच्या चटईवर सुरया मांडल्या होत्या. ओक-जूला स्वयंपाकघरात जायला सांगितले होते. ती गेली, पण दाराला फट होती. नामगुंगांनी एक सुरई उचलली, उन्हात धरली, ठेवली. दुसरी उचलली नाही. म्हणाले, "रंग आहे. श्वास नाही." आणि ओठ पुसले. अप्पांनी मान लववली. मग त्यांनी हातोडी आणली. फसलेले भांडे भट्टीच्या तोंडाशीच फोडायचे, हा तिकडे कुंभाराचा धर्मच. त्याबद्दल कुणाला वाईट वाटत नाही, उलट फोडणाऱ्याचा मान वाढतो. दाराच्या फटीतून अप्पांची पाठ दिसत होती, हातोडी दिसत नव्हती. ओक-जूने घाव मोजले. ती मोजणारी मुलगी होती. रडणाऱ्या मुलींत तिची गणना कधी झाली नाही. तीस घाव झाले आणि शांतता झाली. ती एकतिसाव्याची वाट पाहत राहिली. अप्पा हातोडी ठेवून विहिरीवर हात धुवायला गेले.

पुढच्या वसंतात ते सांडपाण्याचे पाइप भाजणाऱ्या कारखान्यात लागले. चाकाला त्यांनी पुन्हा पाय लावला नाही. तो एक कमी पडलेला घाव ओक-जू सेहेचाळीस वर्षे वागवत होती. रसायनशास्त्राची पदवी, परदेशातली दोन वर्षे, मोडलेले एक लग्न, आणि नऊशे बारा भांडी, ज्यांतल्या प्रत्येकाच्या आत डोकावताना आपण काय शोधतो आहोत हे तिने स्वतःलाही सांगितले नव्हते. बाराव्या शतकातील, एकोणीसशे शहाऐंशी साली एका संग्राहकाच्या वारसांनी दिलेली, त्यापूर्वीचा इतिहास अज्ञात, असे त्या सुरईच्या नोंदीत होते. अज्ञात या शब्दावर तिची नजर या आधीही अनेकदा गेली होती. आज ती तिथून हलेना.

दुपारी नामगुंग आले. सुरईचे नाव राष्ट्रीय ठेव्यांच्या यादीसाठी जायचे होते आणि शिफारशीवर दोन सह्या हव्या होत्या: एक त्यांची, नजरेची, एक तिची, यंत्राची. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही त्यांचे बूट पांढरे होते. प्योने कागदी पेल्यात पुडीची कॉफी ढवळून दिली, ती त्यांनी गोड म्हणून नाकारली आणि मग पिऊन टाकली.

"काय बानबाई, तुमच्या दुर्बिणीला काय दिसलं?"

"दुर्बीण नाही, सर. अजून पाहतोय."

"पाहा, पाहा. मी पहिल्यांदा हिला पाहिलं तेव्हा माझ्या गुडघ्यांतली ताकद गेली होती. बायकोला पाहिल्यावर गेली नव्हती. सांगू नका तिला."

"त्या वारल्या ना, सर?"

"म्हणूनच म्हणतो, आता सांगून काय उपयोग." ते स्वतःच हसले. "श्वास बघा हिचा. नंतरच्या कुणाला साधला नाही. कांगजिनला तुमच्याच भागात एक कुंभार होता, त्याची गोष्ट सांगितली का मी तुम्हाला?"

त्यांनी सांगितली होती. चार व्याख्यानांत तिने ती ऐकली होती: एका शब्दासरशी आपली अख्खी भट्टी फोडून टाकणारा खरा कलावंत. पहिल्या व्याख्यानात भांडी चाळीस होती, दुसऱ्यात साठ, शेवटच्यात शंभरावर. श्रोते दर वेळी सुस्कारा सोडत.

"नाव काय होतं त्याचं?" तिने विचारले.

"कुणाचं?"

"त्या कुंभाराचं."

नामगुंगांनी कपाळाला आठ्या घालून प्रामाणिकपणे आठवून पाहिले. तेवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. "नाव नाही आठवत बुवा. नाव कशाला हवं? त्याचं मोठेपण फोडण्यात होतं."

 तिने सुरईच्या तळाकडे पाहिले, तिथल्या तीन पांढऱ्या ठिपक्यांकडे, आणि संथ आवाजात म्हणाली, "सर, तळातून चिमूटभर माती खरवडून घ्यावी लागेल. वय मोजायचंय."

"वय? हिचं?" पेला खाली ठेवला गेला. "अहो, राजकन्येला सुई टोचून विचारायचं, की बाई तू राजकन्या का? पन्नास वर्षं मी हिला ओळखतो."

"अडतीस वर्षं. ती शहाऐंशी साली आली."

"तुमच्याशी लग्न केलेल्या माणसाची मला दया येते."

"त्यालाही आली होती. आजच्या तारखेने परवानगी लिहू का?"

 नामगुंग हात झटकून म्हणाले, "टोचा. तुमचं समाधान होऊ दे. माझं झालेलंच आहे."

चाचणीचे तत्त्व साधे आहे आणि ओक-जूला ते सुंदर वाटे, हा शब्द ती कामात वापरत नसली तरी. मातीतले स्फटिकांचे कण आसपासचा किरणोत्सार थोडाथोडा साठवत असतात. भट्टीत भाजताना तो साठा पुसला जातो आणि शून्यापासून पुन्हा भरू लागतो. कण पुन्हा तापवला की साठलेले सारे प्रकाश होऊन बाहेर पडते. किती प्रकाश, त्यावरून शेवटची भट्टी केव्हाची ते कळते. सेहेचाळीस वर्षे आणि आठशे वर्षे यांच्यात गोंधळ होऊच शकत नाही. क्ष-किरणांनी स्वतःची भर घातलेली असते, पण ती मोजणारी चकती तिने सुरईच्या तळाशी आधीच लावून ठेवली होती. तेवढे वजा करायचे. दोन दिवस लागणार होते.

त्या दोन दिवसांत तिने एक गोष्ट तपासून पाहिली: आपल्याला कोणते उत्तर हवे आहे. सुरई अप्पांची निघाली, तर एक तर त्यांनी ती लपवून दलालाला विकली असेल, आणि ते लबाड ठरतील. किंवा कुणी चोरली असेल, आणि मग ते फक्त दुर्दैवी. तिने दोन्ही शक्यता शेजारी ठेवल्या आणि तिला दिसले, की तिला फरक पडत नव्हता. बाप लबाड ठरला असता तरी चालले असते. पोलिसांत नोंद झाली असती, वर्तमानपत्रांनी बनावट भांडी करणाऱ्या लंगड्या कुंभाराचे चित्र छापले असते, तरी चालले असते. फक्त काचेमागे ती पाटी हवी होती: बान दो-शिक, कांगजिन, १९७८. आणि पाटीसमोर पांढरे बूट घातलेला एक म्हातारा, ज्याने ज्या हाताला श्वास नाही म्हटले त्याच हातासाठी अडतीस वर्षे गुडघे टेकले होते. या चित्रात तिला जे सुख होत होते ते तिने ओळखले. त्याला न्याय म्हणण्याइतकी ती भोळी नव्हती.

संध्याकाळी तिने आईला फोन लावला. आई त्र्याऐंशीची, कांगजिन गावात एका खोलीच्या सदनिकेत एकटी राहत होती आणि फोन नेहमी गुडघ्यावर ठेवून, आवाज मोठा करून बोलत असे.

"जेवलीस का?" आईने विचारले.

"जेवले. आई, ती शेवटची भट्टी. अप्पांनी सगळ्या फोडल्या होत्या का?"

"तू अजून तेच मोजतेस?"

"तीसच घाव झाले."

"मला काय ठाऊक? मी आत कोबीला मीठ लावत होते. तो शहरी पाहुणा जेवणार की नाही, हे कुणी सांगेना." लसूण सोलल्याचा चुरचुर आवाज येत होता. "दोन एका घावात गेल्या असतील."

"अशा कशा जातील?"

"आपटून बघ की मग. तुमच्या तिथे कमी आहेत का?" आई खोकल्यासारखी हसली. "तुझ्या बापाने ठेवली असती, तर मी चूल पेटवायला तरी विकली असती, पोरी. तो कारखान्यातून यायचा तेव्हा जेवायला बसायच्या आधी एवढंच काढून बघायचा, ती ठिकरी. तंबाखूच्या डब्यातली."

"कसली ठिकरी?"

"डोंगरावरची. जुनी. तू टाकलीस ना ती, घर आवरलं तेव्हा? मी म्हटलं राहू दे, तर तू म्हणालीस, कुठे सापडली याची नोंद नाही, म्हणजे ही नुसती माती. शिकलेली तू. मी काय बोलणार?"

ओक-जूला ते आठवत नव्हते. किंवा आठवत होते ते इतकेच, की ते वाक्य आपलेच असणार हे तिला कबूल होते. जागेची नोंद नसलेली ठिकरी खरेच निरुपयोगी असते. ती आजही तेच म्हणाली असती. तिने आईला औषधे विचारली आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला ती चाचणीच्या खोलीत बसली. कणांवर उजेड पडला तर साठा उडतो, म्हणून तिथे फक्त लाल दिवा. तिच्या हातांचा रंग गेला होता, टेबलाचा गेला होता. लाल उजेडात जगातला कोणताही हिरवा काळा दिसतो. तापमान चढू लागले. पडद्यावर रेघ आडवी सरकत होती, आणि सेहेचाळीस वर्षांच्या मातीने जिथे जेमतेम टेकडी उठवली असती तिथे ती चढू लागली, चढतच राहिली, डोंगर झाली, आणि मग सावकाश उतरली. ओक-जूने दुसरा नमुना तापवला. तिसरा. क्ष-किरणांचा वाटा वजा केला. आकडेमोड यंत्राने केली, मग तिने हाताने केली. आठशे चाळीस वर्षे, अधिक-उणे एकशे दहा.

तिने सुटका शोधायला सुरुवात केली. नकली भांड्यांना मुद्दाम किरणोत्सार देऊन म्हातारे करतात, हे तिला ठाऊक होते. पण एकोणीसशे शहाऐंशीच्या आधी, एका कांगजिनच्या दलालाने? दोन वेगवेगळ्या जाडीच्या कणांत अगदी नेमका तोल साधून? तिने कागदावर त्याचे गणित मांडले, अर्धे मांडले, आणि पेन थांबले. उत्तर आधी ठरवून पुरावा त्याच्याभोवती वाकवणारी माणसे तिने आयुष्यभर पाहिली होती. त्यांच्या पायांत पांढरे बूट असत. पडद्यावरच्या वळ्या पाहिल्यापासून या क्षणापर्यंत तिनेही मोजले काहीच नव्हते. तिने ओळखले होते. नजरेने. एक उलटी वळी, एक लंगडा पाय, आणि मधल्या आठशे वर्षांत दुसरा कुणी लंगडा जन्मलाच नसेल, असे धरून चालणे. विद्यार्थ्याने असे केले असते, तर तिने त्याला वर्गाबाहेर काढले असते.

आणि तेव्हा, लाल अंधारात, दोन्ही हात टेबलावर असताना, तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला खरखर जाणवली. आधी बोटाला, डोक्यात ते नंतर आले. ती सहा-सात वर्षांची असेल. डोंगराच्या उतारावर, राखेच्या थरात अप्पांना ती ठिकरी सापडली होती, कुठल्याशा सुरईच्या पोटाचा तुकडा. बाहेरून हिरवा, आतून उघडी राखाडी माती. त्यांनी तिचे बोट धरून त्या आतल्या वळीत ठेवले होते. "फिरव. कुठल्या बाजूला जातंय बघ." बोट घसरत गेले. "आणि माझ्या भांड्यात कुठल्या बाजूला जातं?" तिने सांगितले. आणि अप्पा, जे हसत नसत, ते त्या राखेत ताठ पाय पसरून बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "सापडला! हाही माझ्यासारखाच लंगडा. आठशे वर्षांपूर्वी, याच डोंगरावर. मला वाटत होतं मी एकटाच." ठिकरी त्यांनी खिशात घातली, वरून थोपटली.

तिला सर्व ठाऊक होते, म्हणजे. गृहीतकाला छेद देणारा एकमेव पुरावा तिच्या बोटाने हाताळलेला होता, आणि तिला नेमका तोच आठवला नव्हता. एकतिसाव्या घावाचेही तसेच असेल. दोन एका घावात जातात. किंवा तेरा वर्षांच्या मुलीने दाराआडून मोजताना एखादा घाव ऐकायचा नाकारला असेल.

शुक्रवारी नामगुंग सहीला आले. त्यांनी अहवालाचे शेवटचे पान आधी उघडले, आकडा वाचला आणि पान तिच्याकडे फिरवले, जसे काही तिला तो माहीत नव्हता.

"मग? यंत्राने काय सांगितलं? मी सांगितलं तेच. सुई टोचली ती उगाचच."

"हो, सर."

"कबूल करायला तुम्हाला एवढा वेळ लागतो, म्हणून सरकारची कामं अडतात." ते खूश होते, आणि खूश असताना ते वाईट माणूस नव्हते, त्यांनी प्योच्या हातून गोड कॉफी मागून घेतली. मग चष्मा सरकवून ते तिसऱ्या पानावर थांबले. "हे काय लिहिलंय? 'आतील वळ्यांची दिशा विरुद्ध असल्याने, घडवणाऱ्याचा उजवा पाय अधू असावा.'"

"तसं दिसतं."

"राष्ट्रीय ठेव्याच्या कागदावर लंगडा कुंभार? बानबाई, लोक सुरई बघायला येतील की त्याचा पाय?" त्यांनी नाक फेंदारले. "आणि कशावरून? डावखुऱ्या गुरूचा चेला असेल. चाकच तसं बसवलेलं असेल. दुसरं एखादं तसंच भांडं आहे का तुमच्याकडे, त्याच भट्टीचं, ताडून बघायला? एकावरून नियम काढायचा नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवता ना?"

प्रश्न बिनचूक होता. तिने त्यात दोष शोधला, सापडला नाही. प्यो तिच्याकडे पाहत होता.

"नाही, सर," ती म्हणाली. "दुसरं नाही."

तिने पान आपल्याकडे ओढले, पट्टी लावली आणि ती ओळ एका सरळ रेघेने खोडली, बाजूला आद्याक्षरे घातली, तारीख घातली. दुसरे होते. तळहातात मावेल एवढे होते, त्याच डोंगराचे होते, आणि अठरा वर्षांपूर्वी, घर आवरण्याच्या दिवशी, नगरपालिकेच्या न जळणाऱ्या कचऱ्याच्या पोत्यात ते तिने स्वतःच्या हाताने टाकले होते आणि पोत्याचे तोंड नीट आवळून बांधले होते.